दोन रांजण, तोंडाला तोंड लावून

माझी अर्धी नोकरी सहलीच्या गाडीत ओकाऱ्यांसाठी पिशव्या वाटण्यात गेली, असं आमच्या घरात म्हटलं जातं. म्हणणारे आमचे हे. ते रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे प्रवासाबद्दल बोलायचा हक्क घरात फक्त आपल्याला आहे अशी त्यांची समजूत. आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि मी दोन गाड्या बदलून शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका हायस्कूलवर इतिहास शिकवायला जायची. निवृत्तीपर्यंत तीच शाळा, तोच फळा. त्या सगळ्या वर्षांबद्दल लिहायला बसले तर अंकाला पुरवणी काढावी लागेल. म्हणून मी सहलींबद्दलच लिहिते. त्यातही एका सहलीबद्दल, जिच्यात शाळेचं एकही मूल नव्हतं.

पण आधी धंद्याची गोष्ट सांगते. शाळेत इतिहास हा बिनहत्याराचा विषय. विज्ञानाला परीक्षानळ्या लागतात, भूगोलाला नकाशे लागतात, इतिहासाला बाई आणि खडू असला की भागतं. बाई सांगणार, मुलं लिहून घेणार, परीक्षेत तेच परत करणार. यात कुणी काही बघतच नाही, हे मला फार लवकर खुपायला लागलं. मग मी दरवर्षी मुख्याध्यापकांच्या मागे लागून मुलांना किल्ल्यावर, लेण्यांत, पुण्यातल्या संग्रहालयात न्यायला लागले. मुख्याध्यापकांचा ओढा बागबगीचे आणि पाण्याच्या घसरगुंड्यांकडे. "बाई, मुलांना जरा मजा पण करू द्या की," असं ते म्हणत. मी म्हणायची, मजा त्यांची ती शोधतात, त्यासाठी मला कशाला पाठवता?

संग्रहालयात मुलं सोडली की धावत सुटतात. पहिल्या दारातून आत, शेवटच्या दारातून बाहेर, "बाई, झालं बघून!" म्हणून माझा एक नियम होता. आत गेल्यावर प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर कंटाळा येईपर्यंत उभं राहायचं. कंटाळा आला की आणखी थोडं थांबायचं. खरं बघणं त्यानंतर सुरू होतं. निमोण्याची एक मुलगी अशी एका दगडी पाट्यासमोर तोंड वाकडं करून उभी होती. बऱ्याच वेळानं माझा पदर ओढून म्हणाली, "बाई, ह्याला टाकी लावायला झाली व्हती. लई वापरलाय, पार गुळगुळीत झालाय." तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाई त्या पाट्यावर रोज दाणे भरडत होती आणि टाकीचे घाव घालून तो पुन्हा खरखरीत करून देणारा टाकीवाला यायची वाट बघत होती, हे त्या मुलीला मी सांगायची गरज उरली नाही.

तो पाटा इनामगावचा होता. इनामगाव आमच्याच तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. तिथं पूर्वी मोठं खोदकाम झालं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, कणग्या, भांडी सापडली. सापडलेलं पुण्याला गेलं आणि खड्डे बुजवले गेले. त्यामुळे मुख्याध्यापक म्हणत, "इनामगावला बघायला आहे काय? माती." ते खोटं बोलत नव्हते. तिथं बाभळी आहेत, पांढरी माती आहे आणि पाऊस पडून गेला की वर येणारे खापराचे तुकडे आहेत.

या पांढऱ्या मातीबद्दल बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे जमीन दोन तऱ्हेची, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं. पांढरीत माणसं राहतात, किंवा कधीतरी राहून गेलेली असतात. पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंती मिसळून ती माती पांढरी होते. तिच्यात कस असतो हे शेतकऱ्याला पक्कं ठाऊक. म्हणून जुन्या टेकाडाची पांढर खणायची, ट्रॉलीत भरायची आणि काळ्या रानात पसरायची, ही आमच्याकडची जुनी रीत. आपल्या वाडवडिलांच्या आधीच्या माणसांची अख्खी घरं आपण अशी कांद्याला घालतो. यात कुणाची दुष्टाई नाही. खत म्हणजे खत.

या इनामगावच्या लोकांची एक चाल होती. घरात तान्हं मूल गेलं की ते दोन रांजण घेत, त्यात मूल ठेवत, रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावत आणि राहत्या घराच्या जमिनीतच पुरत. हे मी दरवर्षी नववीला सांगायची. फळ्यावर दोन रांजण काढायची. मुलं वहीत काढून घ्यायची.

त्यातलीच एक शालन. वडगाव रासाईची, पूर्वी मेंढरं राखणाऱ्या आणि आता शेती करणाऱ्या घरातली. सहलीला ती कधी आली नाही. पोरीला दिवसभर बाहेर पाठवायचं नाही असा घरचा खाक्या होता. पण वर्गात डोळे माझ्यावर लावून बसायची. दहावी व्हायच्या आत तिचं लग्न झालं, इनामगावच्या बाजूच्या एका वस्तीवर. मी हळहळले आणि पुढच्या तुकडीला शिकवायला लागले. शिक्षकाला दुसरं काय करता येतं?

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका मधल्या सुट्टीत शालन शाळेच्या हापशाजवळ उभी दिसली. वाळली होती. मी जवळ गेले तर पाया पडली आणि सरळ म्हणाली, "बाई, तुम्ही ते दोन रांजणांचं सांगितलं व्हतं न्हवं? ते खरं हाय ना?"

"खरं आहे. का गं?"

मग तिनं सांगितलं ते ऐकून माझ्या हातातला डबा तसाच राहिला.

तिचा नवरा दगडू आणि दीर वस्तीमागची पांढर खणत होते. पहार कशालातरी लागली. माती बाजूला केली तर दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले. आमच्या भागात असा रांजण दिसला की माणसाच्या मनात एकच येतं, गुप्तधन. हां हां म्हणता सगळी वस्ती गोळा झाली. दगडूनं पहार उचलली तेव्हा शालन पुढं झाली आणि म्हणाली, "फोडू नगा. त्यात बारकं लेकरू असतंय."

कोण ऐकणार! रांजण फुटला. आत माती होती आणि पाखराची असावीत एवढी बारीक हाडं.

"मंग सगळी रांजणाकडं बघायची सोडून माझ्याकडंच बघाया लागली, बाई."

शालनला मूल नव्हतं. तिच्या धाकट्या जावेची, मंगलची, दोन बाळं लागोपाठ गेली होती, एक जन्मताच आणि एक अंगावर पीत असताना. आता मंगलच किंचाळली, "हिला कसं ठावं आत काय हाय ते? हिनंच पुरलंय! माझी दोन्ही हिनंच खाल्ली!" एका देवऋष्याला बोलावलं. त्यानंही घरातल्याच बाईची करणी आहे असं सांगितलं. शालननं शाळेत शिकल्याचं सांगून बघितलं. तेव्हा दगडू म्हणाला म्हणे, "आमच्या घरामागं हाडं कुठं पुरलीत ते शाळेत शिकिवत्यात व्हय?" आणि तिला वडगावला माहेरी आणून सोडलं.

"घरात दुसरी बघायचं चाललंय," ती म्हणाली. "त्याचं मी काय म्हणत न्हाई. पर बाई, लेकरं खाल्ली म्हणत्यात. हे डोक्यावर घिऊन मी कुठं जाऊ?"

मी शिकवलेला धडा या मुलीनं मन लावून ऐकला, वेळेवर आठवला, आणि तोच तिच्या गळ्याला फास झाला. एकट्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट किती घातकी असते, हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांना ठाऊक असतं तर तिला कुणी बोट लावलं नसतं.

रविवारी चर्चमधून आल्या आल्या मी पाठ्यपुस्तक घेऊन त्या वस्तीवर गेले. शालनची सासू कोंडाबाई ओट्यावर बसली होती. तरणेपणी मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चाललेली बाई, घरात तिचाच शब्द चाले. तिनं मला पाणी दिलं, चहा दिला, पुस्तकातलं चित्र हातात धरून वरखाली करून बघितलं आणि परत दिलं.

"बाई, कागदावर काय, राकीस बी काढत्यात. मी मेंढरू घ्यायचं तर त्येचा जबडा उघडून दात बघती. मालक काय सांगतोय ते न्हाई ऐकत."

मला राग आला, पण तो धरून ठेवता येईना. कारण हेच मी सगळी वर्षं मुख्याध्यापकांना सांगत होते. मी म्हणाले, "मग चला. दात बघायला चला माझ्याबरोबर पुण्याला."

म्हातारीनं कपबशा गोळा केल्या. "कवा?" म्हणाली.

ती दौंडला आमच्या घरी आली तेव्हा तिच्या हातात फडक्याची एक पुरचुंडी होती. आमच्या ह्यांनी चहा केला आणि गाडीत बसवून दिलं. म्हातारी पहिल्यांदाच आगगाडीत बसत होती, पण खिडकीबाहेर तिचं लक्ष नव्हतं. पुरचुंडी मांडीवर धरून बसली होती. त्यात फुटलेल्या रांजणाचा तुकडा होता. देवऋष्यानं अवसेला उतारा करण्यासाठी ठेवायला सांगितला होता. तो घरात ठेवून यायची तिला भीती वाटत होती.

यवतच्या पुढं कुठंतरी तिनं विचारलं, "तुमच्यात पुरत्यात न्हवं माणसं?"

"हो. माझ्या भावाची मुलगी लहान गेली. दौंडलाच आहे. नाताळात आम्ही फुलं ठेवतो."

"आमच्यात बी तान्हं जाळत न्हाईत. दात आलं नसलं तर मातीतच." पुरचुंडी दुसऱ्या मांडीवर घेत म्हणाली, "मंगलची दोन्ही वढ्याच्या कडंला हायती. ती तिकडं जात न्हाई. आम्ही जाऊ देत न्हाई."

संग्रहालयात त्या दिवशी गर्दी नव्हती. तिथल्या पहारेकरी मामांशी माझी सहलींमुळे ओळख होती. त्यांनी आत सोडलं. मी म्हातारीला काही समजावलं नाही. माझा नियम तिलाही लागू केला. रांजणांच्या कपाटासमोर नेऊन उभं केलं आणि मागं सरकले.

पुस्तकात एक चित्र होतं. इथं रांजणांच्या जोड्या होत्या, एकीला लागून दुसरी. काही मोठ्या, काही लहान. कुठं खापर उघडं ठेवून आतलं दाखवलं होतं. म्हातारी एकीसमोरून दुसरीसमोर गेली, परत पहिलीसमोर आली. मग तिनं कपाटाच्या काचेला कपाळ टेकवलं. मामा "काचेला..." असं म्हणू लागले आणि माझ्याकडं बघून दोन पावलं मागं सरले.

मग ती खाली बसली आणि पुरचुंडी सोडली. करड्या, जाडसर खापराचा तुकडा. त्याच्या कडेला मातीची एक पट्टी होती आणि त्या पट्टीवर ओळीनं खळगे, कुणीतरी ओल्या मातीत बोटं दाबत गेल्यासारखे. तिनं तो तुकडा काचेपाशी धरला. आतल्या रांजणाच्या गळ्याशी तशीच पट्टी होती आणि तशीच बोटं. इतकी वर्षं मी मुलांना तिथं आणत होते. ती बोटं मी बघितली होती, पण ती कुणाची असतील हे मनात आलं नव्हतं. म्हातारीनं आपली बोटं एकेका खळग्यात ठेवून बघितली. तिची बोटं जाड होती, पुरती आत जात नव्हती.

"बाईचा हात हाय," ती म्हणाली. "बारीक हाताची व्हती."

मामा जवळ आले. त्यांनाही राहवलं नाही. म्हणाले, "मावशी, ही सगळी त्यांच्या घरातच सापडलीत. चुलीजवळ, झोपायच्या जागेखाली."

"घरात?"

"घरात."

म्हातारी पुन्हा सगळ्या जोड्यांवरून नजर फिरवत गेली. "एकांदं असतं तर म्हणलं असतं करणी," ती हळू बोलली. "येवढ्या बाया करणी करत व्हत्या व्हय? आपल्या घरात? चुलीम्होरं?" आणि मग तिचा आवाज फुटला. "लेकराला येकटं वाटू नये म्हणून ठिवलंय वो बाई. आन् माझ्या पोरानं पहार घातली."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मलाही रडू येत होतं आणि ते मी आवरलं नाही. संग्रहालयातल्या एका साहेबांनी तो तुकडा ठेवून घेऊ का असं अगदी अदबीनं विचारलं. "लेकराचा हाय," म्हणून ती तो परत बांधायला लागली. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही. पुढं त्यांची माणसं वस्तीवर येऊन जागा बघून गेली, पण तोवर बाकीची पांढर कांद्याच्या रानात पसरून झाली होती. तिच्यात आणखी काय होतं ते आता कधीच कळणार नाही. ही रुखरुख मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाई माझ्याबरोबर वडगाव रासाईला आली. शालननं सासूला पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. म्हातारी फार बोलली नाही. "चुकलं आमचं. चल घरी," एवढंच.

मला वाटलं आता गोष्ट संपली. शालनच्या वडिलांनाही तसंच वाटलं. ते तिची पिशवी शोधायला उठले. पण शालन जागची हलली नाही.

"आत्याबाई, तुम्ही डोळ्यांनी बघितलं म्हणून आलात. बाकीच्यांनी कुठं बघितलंय? तुम्ही हाय तवर माझ्या पाठीशी ऱ्हाल. फुडं कुणाचं लेकरू आजारी पडलं की सगळी परत माझ्याच तोंडाकडं बघत्याल. मी न्हाई येत."

वडील चिडले. "आगं, सासू दारात आलीया!"

मी काहीतरी मधलं बोलणार होते. पण म्हातारी उठून उभी राहिली. पदर नीट केला. "बरुबर हाय तिचं," म्हणाली. "मी दात बघितलं आन् बाकीच्यांनी माझा सबूद ऐकायचा व्हय?"

आणि मग माझ्या नोकरीतली ती सहल निघाली. कांद्याचा टेम्पो, त्यात खाली पोती अंथरलेली, वर सगळी वस्ती. दगडू, त्याचा भाऊ, चुलते, शेजारच्या मळ्यातली माणसं, बायका, भाकरीची गाठोडी. देवऋष्यालाही कोंडाबाईनं बोलावणं धाडलं होतं, पण नेमकी त्याच्या पाठीत चमक भरली. पिशव्या मी सवयीनं बरोबर घेतल्याच होत्या आणि घाटाशिवायच्या रस्त्यावरही त्या लागल्या.

मामांनी दारात तो जथा बघितला आणि माझ्याकडं असं बघितलं की, बाई, आता हेही? पण दार उघडून धरलं. शालन वडिलांबरोबर परस्पर आली होती. ती आवारातल्या झाडाखाली उभी राहिली. आत आली नाही.

मी सगळ्यांना तेच सांगितलं जे मुलांना सांगायची. धावायचं नाही. थांबायचं. कंटाळा आला तरी थांबायचं. वस्तीतली माणसं आधी दबकत, मग एकमेकांच्या खांद्यावरून बघायला लागली. कुणीतरी पाटा ओळखला, कुणी कणगी, कुणी जळलेले दाणे. "आरं, ही तर आपल्यावानीच माणसं," एक चुलते म्हणाले. दगडू रांजणांसमोर उभा राहिला आणि त्याची मान हळूहळू खाली गेली. तो बाहेर जाऊन झाडाखाली शालनपासून जरा अंतरावर उभा राहिला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. शालन संग्रहालयाच्या दाराकडं बघत होती.

मंगल सगळ्यांत मागं होती. तिला पुढं यायचंच नव्हतं. सासूनं तिला दंड धरून आणलं आणि काचेसमोर सोडलं. मंगल बघत राहिली. बाकीची माणसं भाकरी सोडायला बाहेर गेली, तरी ती तिथंच. आत कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेली ती बारीक हाडं.

"पोटात असतंय तसंच ठिवलंय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. मग, "ह्यांनी घरात ठिवली. आन् माझी दोन वढ्याला, बाभळीखाली. मला जाऊन बघू बी दिलं न्हाई."

शालन कधी आत आली ते मला कळलं नाही. मी वळले तेव्हा ती दारात होती. मंगलनं तिला काचेतच बघितलं असावं, कारण मागं न वळताच ती म्हणाली, "आक्का, मी तुला लई वंगाळ बोलले. चल आपल्या घरी."

शालन पुढं आली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. दोघींचे चेहरे काचेत दिसत होते, मागं ते रांजण. एवढ्यात मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दाराशी आले. बंद करायची वेळ झाली होती. मंगल दचकून हलली. शालननं तिचा हात धरला.

"जाऊ की," ती म्हणाली. "आधी तुझं बघून होऊ दे. मी हाय हितंच."

मामांनी जुडगा खिशात घातला आणि स्टूल ओढून बसले.